जोडीचा वेग आणि पैजेचा आकडा

कापसाच्या वेचण्या उरकत आल्या आणि पौषातील थंडी ओसरू लागली, की वऱ्हाडात शंकरपटाची बोलणी सुरू होतात. बुलडाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या मोठ्या गावी, चहाच्या टपरीवर किंवा कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर, या दिवसांत हमखास ऐकू येणारा प्रश्न एकच असतो: यंदा कोणती जोडी पुढे निघणार? या प्रश्नात जनावराची पारख असते, गावाचा अभिमान असतो आणि अनेकदा, उघडपणे कोणी कबूल करीत नसले, तरी पैजही असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा मार्ग कायद्याच्या चौकटीत मोकळा केला. त्या निकालाने बैलांच्या छळाचा प्रश्न ऐरणीवर आणला. परंतु शर्यतीच्या कडेने चालणाऱ्या पैजेचा प्रश्न मात्र चर्चेबाहेरच राहिला. पळणाऱ्या जनावराचा अंदाज खरोखर बांधता येतो काय, तो बांधण्यासाठी कोणती माहिती लागते आणि ती नसताना लावलेला पैसा नेमका कशावर लावलेला असतो, हे तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भाकीत वेगळे, अंदाज वेगळा

बुलडाणा जिल्ह्याला भविष्य वर्तविण्याची परंपरा नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती मांडलेल्या धान्यांत रात्रभरात जे बदल दिसतात, त्यांवरून दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी आणि पिके यांचे भाकीत सांगितले जाते आणि ते ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. श्रद्धेच्या या विषयात कार्यकारणभाव शोधणे व्यर्थ आहे.

भविष्याचा दुसरा नमुना आकड्याचा. वऱ्हाडच्या कापसाचे आणि मुंबईच्या मटक्याचे नाते अनेकांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर पैज लागे. ही पद्धत १९६१ मध्ये बंद पडली. त्यानंतर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या अथवा पत्ते काढून आकडा ठरविण्याची पद्धत रुजविली. कापसाच्या भावामागे निदान पीक, मागणी आणि साठा ही कारणे होती. मटक्याच्या आकड्यामागे काहीच उरले नाही. मागील महिनाभराचे आकडे वहीत उतरवून उद्याचा आकडा शोधणाऱ्यांची संख्या तरीही कमी झाली नाही.

पळणाऱ्या जनावराचा अंदाज या दोहोंपेक्षा वेगळा आहे. जनावराचे वय, वजन, पूर्वीचा वेग, मैदानाची स्थिती, विश्रांती या गोष्टींचा निकालाशी प्रत्यक्ष संबंध असतो. म्हणजेच येथे अभ्यासाला वाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला, तो याच आधारावर. मात्र अभ्यासाला वाव असणे आणि प्रत्यक्षात अभ्यास झालेला असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

श्वानाचा 'फॉर्म' कसा वाचतात?

जनावराच्या कामगिरीची नोंद किती काटेकोर असू शकते, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधील ग्रेहाऊंड शर्यतींचे आहे. यांत्रिक सशामागे श्वान पळविण्याची कल्पना अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ यांनी विकसित केली. ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर २४ जुलै १९२६ रोजी या पद्धतीची पहिली नियमित शर्यत झाली. तीनच वर्षांनी 'मिक द मिलर' हा श्वान डर्बी जिंकून घरोघरी ठाऊक झाला आणि १९३० मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली.

तेथील शर्यतीत साधारणतः सहा श्वान असतात. प्रत्येकाचा कप्पा ठरलेला आणि अंगावरील वस्त्राचा रंगही ठरलेला: पहिल्याचा लाल, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्याचा पांढरा, चौथ्याचा काळा, पाचव्याचा नारिंगी आणि सहाव्याचा काळा-पांढरा पट्टेरी. शर्यतपत्रिकेत प्रत्येक श्वानाच्या अलीकडच्या शर्यतींची एकेक ओळ छापलेली असते. तारीख, अंतर, कप्पा, सुरुवातीच्या टप्प्याची वेळ, प्रत्येक वळणावरील क्रमांक, अंतिम क्रमांक, वजन आणि निरीक्षकाचा शेरा, हे सारे त्या ओळीत येते. श्वान उशिरा सुटला, वळणावर धक्का बसला, कडेने पळाला की मधून, याचीही नोंद असते.

जाणकार केवळ शेवटचा क्रमांक पाहत नाही. पाचवा आलेला श्वान पहिल्या वळणावर अडविला गेला असेल, तर त्याचा पाचवा क्रमांक फसवा ठरतो. उलट समोर कोणीच न आल्यामुळे पहिला आलेला श्वान दाटीत सापडला, की मागे पडतो. कडेने पळणारे दोन श्वान शेजारच्या कप्प्यांत आले, तर त्यांची टक्कर होण्याचा संभव वाढतो आणि मधून पळणाऱ्याला वाट मोकळी मिळते.

वेळेचेही तसेच. वाळूचे मैदान पावसाने जड झाले असेल, तर त्या दिवशीच्या वेळेतून ठरावीक सूट वजा केली जाते. समजा, एका श्वानाने जड मैदानावर २९.६० सेकंद घेतले आणि त्या दिवसाची सूट ०.२० सेकंद होती. त्याची सुधारित वेळ २९.४० सेकंद होते. दुसऱ्याने कोरड्या मैदानावर २९.५० सेकंद घेतले. कागदावर दुसरा वेगवान दिसतो; प्रत्यक्षात पहिला ०.१० सेकंदाने सरस आहे. एका श्वानलांबीस ०.०८ सेकंद धरण्याचा तेथील प्रघात पाहता हा फरक एका लांबीहून अधिक भरतो.

वजनाचा नियम तर विशेष लक्षणीय आहे. शर्यतीच्या दिवशी श्वानाचे वजन केले जाते आणि मागील शर्यतीच्या तुलनेत त्यात एक किलोहून अधिक फरक आढळल्यास त्याला पळू दिले जात नाही. पाणी पाजून किंवा उपाशी ठेवून वेग कमी-जास्त करण्याचे प्रकार रोखणे आणि आजारी जनावर मैदानात न उतरू देणे, असे दोन्ही हेतू त्यामुळे साधतात.

एवढी माहिती हाताशी असूनही बहुसंख्य पैजा हरतात. बुकी भाव ठरविताना स्वतःचा वाटा आधीच काढून ठेवतो. समजा, सहाही श्वान अगदी समान आहेत. प्रत्येकाची शक्यता सहात एक, म्हणून न्याय्य भाव एकास पाच. बुकीने एकास चार भाव दिला, तर प्रत्येक श्वानाची शक्यता त्याने वीस टक्के धरल्यासारखे होते आणि सहांची बेरीज शंभरऐवजी एकशे वीस भरते. याचा अर्थ, लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतून सरासरी त्र्याऐंशी रुपयेच परत येणार. ही तूट भरून काढून वर नफा कमवायचा, तर अंदाज इतरांपेक्षा केवळ बरा असून भागत नाही. तो पुष्कळच सरस असावा लागतो. 'कोण जिंकेल' हा सामान्यांचा प्रश्न असतो. 'मिळणारा भाव शक्यतेच्या मानाने रास्त आहे काय' हा जाणत्याचा. आणि या दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते.

पटावर नोंद कोठे आहे?

आता हीच कसोटी शंकरपटाला लावून पाहावी. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विदर्भभर प्रसिद्ध आहे. लहानमोठे पट अनेक गावी भरतात. पश्चिम महाराष्ट्रात जेथे अनेक गाडे एकाच वेळी सुटतात, तेथे प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर असतो. पटात मात्र घड्याळाला मान आहे. ठरलेले अंतर कोणती जोडी किती सेकंदांत कापते, यावर निकाल ठरतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने बक्षीस हुकते. घड्याळावर चालणारी शर्यत ही नोंदीसाठी सर्वाधिक सोयीची. तरीही ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालेली वेळ दुसऱ्या दिवशी बातमीत आली तर आली; एरवी ती हवेत विरते.

जुना शेतकरी जोडी पाहतो, तेव्हा त्याच्या नजरेलाही एक शर्यतपत्रिका दिसत असते, फक्त ती छापलेली नसते. तो प्रथम दात पाहतो. अदत गोऱ्हा, दुदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला, अशा क्रमाने वय आणि उरलेला काळ ठरतो. मग खूर, पुठ्ठा, छातीची रुंदी, चालताना पाठ डोलते की स्थिर राहते, हे पाहिले जाते. पळून आल्यावर श्वास किती वेळात पूर्ववत होतो, हे तर सर्वांत बोलके लक्षण. जोडीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची: दोन बैलांचा मेळ. एक वेगवान आणि दुसरा सामान्य असला, की जू तिरपे होते आणि वेगवान बैलाची शक्ती दुसऱ्याला ओढण्यात जाते. दोन उत्तम बैलांपेक्षा एकमेकांना साजेसे दोन मध्यम बैल पुष्कळदा सरस ठरतात, हे पटावरचे नित्य दृश्य आहे. शिवाय धुरकरी कोण, बैल त्याच्या आवाजाला सरावलेले आहेत काय, हाही भाग उरतोच.

परंतु या पारखीला मर्यादा आहेत. सकाळी दवाने दबलेली काळी माती आणि दुपारी पन्नास जोड्या पळून भुसभुशीत झालेली माती यांत मोठे अंतर असते. पहिल्या आणि शेवटच्या जोडीच्या वेळांची तुलना करताना ते अंतर वजा करण्याची कोणतीही पद्धत पटावर नाही. अंतर गावागावांत वेगळे, माती वेगळी, घड्याळ चालविणारे हात वेगळे. एका गावच्या वेळेची दुसऱ्या गावच्या वेळेशी तुलना त्यामुळे अर्थहीन होते. जोडीतील एक बैल बदलला, तरी लोकांच्या तोंडी नाव मालकाचेच राहते, म्हणून कालची 'नामांकित जोडी' आजही तीच आहे काय, हे ठामपणे सांगता येत नाही. आणि ज्या काळात तुतारीची टोच आणि चाबूक सर्रास वापरला जाई, त्या काळातील वेगाच्या आठवणी तर मोजमापातून बादच करावयास हव्यात. तो वेग बैलाच्या अंगचा नव्हता, वेदनेचा होता.

म्हणजेच ज्याला पटावर 'अंदाज' म्हटले जाते, त्यात थोडी खरी पारख, थोडी ऐकीव कीर्ती आणि बरीचशी गावकी असते. अशा अंदाजावर बैल विकत घेणारा शेतकरी निदान बैलाला हात लावून पाहतो. पैज लावणारा तेवढेही करीत नाही.

कायद्याची बाजू

कायद्याच्या दृष्टीने एक विलक्षण विसंगती येथे दिसते. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने पैज ही जुगारात धरली. मात्र परवानाधारक मैदानाच्या आवारात, शर्यतीच्याच दिवशी घोड्यावर लावलेली पैज अपवाद ठरविली. १९१२ चा रेसकोर्स परवाना कायदा त्यासाठीच होता. पुढे १९७६ मध्ये महाराष्ट्राने श्वानांच्या शर्यतमैदानांना परवाने देणारा स्वतंत्र कायदा केला आणि श्वानांनाही त्या अपवादात स्थान मिळाले. महालक्ष्मीसारखे श्वानांचे मैदान राज्यात रुजले नाही, ही गोष्ट वेगळी. बैलाला मात्र या अपवादात कधीच जागा नव्हती आणि आजही नाही. शंकरपटाला परवानगी मिळाली, म्हणून पटावरील पैजेला परवानगी मिळाली, हा समज निखालस चुकीचा आहे.

परवानगीचा इतिहासही फार जुना नाही. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये प्रदर्शन आणि खेळांस मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. परंतु त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे परवानग्या अडल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर असल्याचेही न्यायालयाने बजावले. महाराष्ट्राच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक असू शकत नाही, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा अधिक वेळा पळविता येत नाही, दोन धावांमध्ये विश्रांती द्यावी लागते आणि काठी, चाबूक, टोचणी यांना मनाई आहे.

पैज या नियमांनाच पोखरते. बक्षिसासाठी पळणाऱ्या मालकाला हरल्यावर पुढच्या पटाची वाट पाहता येते. ज्याच्यावर गावाचा पैसा लागला आहे, त्याला ती मुभा उरत नाही. तिसऱ्या धावेनंतर चौथी, विश्रांतीत कपात, लंगडत्या बैलाला इंजेक्शन, शेपटीला चावा, हे प्रकार दुष्टपणापेक्षा दडपणातून अधिक घडतात. बंदीच्या मागणीमागे जी छायाचित्रे आणि अहवाल होते, ते अशाच दडपणाचे चित्र होते. ते पुन्हा न्यायालयात गेले, तर बारा वर्षांच्या संघर्षाने मिळालेली मुभा धोक्यात येईल.

पैसा कोणाचा जातो?

शहरी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. घोड्यांच्या शर्यतीवरील पैजेच्या संपूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून अठ्ठावीस टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. अधिकृत पैज महाग झाली आणि मोबाइलवरील पैज बेकायदा ठरली, की पैसा थांबतोच असे नाही; तो नोंद नसलेल्या वाटा शोधतो. नियमांचा पहारा विरळ असलेला ग्रामीण पट ही तशी एक वाट ठरू शकते.

आणि येथे हरणारा पैसा कोणत्या प्रकारचा असतो, हेही पाहिले पाहिजे. पटाचा हंगाम हा कापूस आणि सोयाबीनचे पैसे हाती येण्याचा हंगाम असतो. त्याच पैशांतून पीककर्ज फेडायचे असते, मुलीच्या लग्नाची तयारी करायची असते, पुढच्या पेरणीचे बियाणे घ्यायचे असते. पैजेत गेलेली रक्कम कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. ती पुढे सावकाराच्या वहीत दिसते.

बैलाचेही अर्थकारण आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोडी बाळगणे परवडेनासे झाले. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीस बंदी आल्यानंतर काम न करणाऱ्या बैलाचा बाजार जवळपास संपला. पट हे बैल राखण्यासाठी उरलेल्या थोड्या कारणांपैकी एक आहे, हे समर्थकांचे म्हणणे म्हणून गांभीर्याने घ्यावे लागते. पण केवळ पटासाठी बैल राखला आणि तो पहिल्या दोन हंगामांत वेगवान ठरला नाही, तर त्याचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर समर्थकांनीही द्यावयास हवे. ग्रेहाऊंडच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक ठरला. निवृत्त श्वानांचे हाल आणि मैदानावरील दुखापती यांमुळे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१८ मध्ये मतदारांनीच या शर्यती बंद करण्याचा कौल दिला. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. विशेष म्हणजे, नोंदी काटेकोर होत्या म्हणूनच तेथील दुखापतींचे प्रमाण लोकांसमोर आले. जी वही पैज लावणाऱ्यासाठी लिहिली गेली, ती अखेरीस श्वानाच्या बाजूने साक्ष देऊन गेली.

नोंद हवी, पैजेसाठी नव्हे

यातून शंकरपटाने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. प्रत्येक बैलाची कानातील बिल्ल्यानुसार ओळख, दातांवरून वय, पळण्यापूर्वीची पशुवैद्यकीय तपासणी, त्या दिवशीच्या धावांची संख्या, दोन धावांमधील वेळ, अंतर, मातीची स्थिती आणि अखेरची वेळ, एवढी नोंद प्रत्येक पटावर सक्तीने ठेवली गेली आणि पंचायतीच्या फलकावर लागली, तर बरेच काही साधेल. परवानगीसाठी कागदपत्रे आणि तपासणी करावी लागतेच; त्यात चार रकान्यांची भर घालणे अवघड नाही. बैल विकत घेणाऱ्याला ऐकीव कीर्तीऐवजी लिखित पुरावा मिळेल. एकाच बैलाला दोन गावांत दोन दिवसांत सहा वेळा पळविल्याचे लपणार नाही. वजन आणि वेग यांत अचानक झालेला बदल डॉक्टरांच्या नजरेस येईल.

अशा नोंदीमुळे पैज अधिक 'शास्त्रशुद्ध' होईल, अशी शंका कोणी घेईल. ती निराधार नाही. मात्र बेकायदा पैज अज्ञानावर जगते, हेही तितकेच खरे. ज्याला भाव आणि शक्यता यांचे गणित कळते, तो पैजेपासून दूर राहण्याचीच शक्यता अधिक. उरलेले काम पोलिसांचे आहे आणि ते पटाच्या दिवशी मैदानात दिसले पाहिजे, दुसऱ्या दिवशी तक्रार आल्यावर नव्हे.

जनावराची पारख ही वऱ्हाडच्या शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. बाजारात दात पाहून, खूर चाचपून, चार पावले चालवून बैलाचे मोल ठरविणारा माणूस आकड्यांचा विद्यार्थी नसला, तरी निरीक्षणाचा पंडित असतो. ही पारख उत्तम जोडी घडविण्यासाठी आणि तिला जपण्यासाठी खर्ची पडली, तर पट टिकेल. तीच पारख चिठ्ठीवरच्या आकड्याच्या दावणीला बांधली गेली, तर पट, पारख आणि बैल या तिहींचेही नुकसान होईल. न्यायालयाने दिलेली मुभा ही बैलाला पळविण्याची आहे. ती टिकवायची की गमवायची, हे यापुढे मैदानातील धुरकऱ्यापेक्षा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीच्या वागण्यावर अधिक अवलंबून राहील.